विवस्त्र देहाचें चित्र आणि पाहणाराचा अधिकार

१

गेल्या चैत्रांत उमरी तालुक्यांतील एका गांवीं एका पुराणिक घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आला. मोडी कागदांचे तीन रुमाल, जुन्या पंचांगांचा एक गठ्ठा आणि श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधाची एक त्रुटित सचित्र पोथी, इतका ऐवज त्यांत होता. पोथीचीं पानें सुटीं, कागद हातबनावटीचा, अक्षर बाळबोध व ठसठशीत. चित्रें थोडीं असून तीं दरबारी कलमाचीं नव्हत; गांवच्या एखाद्या चिताऱ्यानें भक्तिभावानें काढलेलीं दिसतात.

बाविसाव्या अध्यायाच्या पानावर वस्त्रहरणाचा प्रसंग आहे. यमुनेचा प्रवाह, कदंबावर बसलेला श्रीकृष्ण, फांद्यांवर टांगलेलीं लुगडीं, आणि कमरेइतक्या पाण्यांत उभ्या असलेल्या पांच गोपी. या पांचही गोपींच्या अंगावर कोणीं तरी मागाहून काळ्या शाईचे जाड फराटे ओढून चोळ्या व परकर निर्माण केले आहेत. ही शाई पोथीच्या लेखनाची नाहीं. पोथीची शाई काजळीची. ती कागदाच्या पृष्ठावर राहिली आहे आणि आजही चकचकीत दिसते. फराट्यांची शाई लोहाच्या क्षाराची असावी, कारण ती कागद पोखरून मागल्या बाजूस उतरली आहे आणि तेथील तीन ओळी तिनें गिळल्या आहेत. गोपींची लाज राखूं पाहणाऱ्या हातानें भागवताचेच श्लोक नष्ट केले, हें त्याच्या ध्यानीं आलें नसेल.

दप्तराचे सध्यांचे मालक सुशिक्षित व सुस्वभावी तरुण आहेत. पोथी एखाद्या संशोधनसंस्थेस द्यावी ही माझी विनंती त्यांनीं आनंदानें मान्य केली, परंतु निघतेवेळीं हळूच म्हणाले, "गुरुजी, बाकीची पोथी खुशाल न्या. हें एक पान तेवढें मी काढून ठेवतों. आमच्या आजोबांच्या देवघरांत असलें चित्र होतें, हें चारचौघांत कशाला?"

त्यांस तत्काळ उत्तर देणें मला जमलें नाहीं. "पान आतांच काढूं नका, महिनाभर थांबा," इतकेंच सांगून मी परतलों. त्या महिन्यांत जुने ग्रंथ पुन्हां उघडून जें टिपण केलें, तें या लेखांत मांडीत आहे. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकावर असा प्रसंग केव्हां ना केव्हां येतो, म्हणून वाचकांस तें निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आशा आहे.

या विषयांत दोन मतें सरसहा ऐकूं येतात. एक असें कीं, विवस्त्र देहाचें चित्र ही युरोपीयांनीं आणलेली वस्तु होय, आपल्या पूर्वजांस ती ठाऊक नव्हती. दुसरें याच्या नेमकें उलट. पूर्वज देह निःसंकोचपणें रंगवीत, लाज ही मागाहून परक्यांच्या राज्यांत आली. दोन्ही मतें सांगणाऱ्यास सोयीचीं आहेत, परंतु ग्रंथ व चित्रें समोर ठेवलीं असतां दोन्ही टिकत नाहींत. मला जें आढळलें तें थोडक्यांत असें: आपल्याकडे नियमन झालें तें देहाच्या उघडेपणाचें फारसें झालें नाहीं, कोणतें चित्र कोणीं, कोठें व कोणत्या दृष्टीनें पाहावें याचें झालें.

२

चित्रविद्येवरील आपला सर्वांत विस्तृत जुना ग्रंथभाग म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्र, अध्याय ३५ ते ४३. स्टेला क्रामरिश यांनीं १९२४ सालीं कलकत्त्यास त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें आणि प्रियबाला शहा यांची संशोधित संहिता १९५८ सालीं बडोद्याहून निघाली. मार्कंडेय ऋषि वज्र राजास ही विद्या सांगतो.

तिच्या उत्पत्तीची कथाच आपल्या विषयाची आहे. नारायण मुनि तप करीत असतां त्यास मोहविण्यासाठीं अप्सरा आल्या. मुनीनें आंब्याचा रस घेऊन आपल्या मांडीवर एका स्त्रीची आकृति रेखाटली. ती इतकी सुंदर झाली कीं तिला पाहतांच अप्सरा लाजून निघून गेल्या. ऊरूवर निर्माण झाली म्हणून ती उर्वशी. आणि हेंच पहिलें चित्र. पुढें मुनीनें ती विद्या विश्वकर्म्यास शिकविली. या कथेंत स्त्रीदेहाचें चित्र काढणारा तपस्वी आहे, तें मोहाच्या निवारणासाठीं निघालें आहे, आणि लाज वाटली ती मोहवावयास आलेल्यांस. चित्रास दोष देऊन चित्रविद्येचा आरंभ सांगणें या शास्त्रकारास सुचलें नाहीं.

पुढील अध्यायांत देहाचें मान येतें. पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक असे पांच प्रकार सांगून त्यांची उंची अनुक्रमें १०८, १०६, १०४, १०० व ९० अंगुलें दिली आहे. मस्तकापासून पावलापर्यंत प्रत्येक अवयवाचें माप आहे. समोरून, पाठमोरें, एका अंगावरून, वळलेलें अशीं देहाचीं नऊ स्थानें आहेत, आणि वळणाबरोबर अवयवांचा क्षय व वृद्धि कशी होते हेंही सांगितलें आहे. हें सारें मान वस्त्राचें नसून देहाचें आहे. चिताऱ्यानें देह आधीं जाणावा, वस्त्र त्यावर मागाहून चढवावें, असा या शिक्षणाचा क्रम दिसतो. मात्र हें ज्ञान जिवंत माणसास समोर बसवून मिळवावें असें तेथें म्हटलेलें नाहीं; तें मानसूत्रानें व नृत्याच्या अभ्यासानें येतें. नृत्य न जाणणाऱ्यास चित्र कळणें कठिण, हा त्या ग्रंथाचा प्रसिद्ध सिद्धांतच आहे.

माझ्या दृष्टीनें कळीचा भाग शेवटच्या, ४३ व्या अध्यायांत आहे. चित्राचे नऊ रस सांगून ग्रंथकार लगेच स्थळांचा भेद करतो. सामान्य माणसाच्या घरांत शृंगार, हास्य व शांत या रसांचीं चित्रें असावींत. इतर रसांचीं घरांत काढूं नयेत. राजसभेंत व देवालयांत मात्र सर्व रसांस मोकळीक आहे. येथें वाचकानें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. घरांत मनाई आहे ती शृंगारास नाहीं; ती भयानकास, बीभत्सास, करुणास आहे. प्रेत, युद्ध व दुःख यांचीं चित्रें मुलाबाळांच्या डोळ्यांसमोर नकोत, स्त्रीपुरुषांच्या प्रीतीचीं चालतील. आजच्या आपल्या घरांतील व्यवस्था बरोबर याच्या उलट आहे, हें वेगळें सांगावयास नको.

आमच्या प्रदेशास अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर भूलोकमल्ल यानें तो इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिला. ग्रंथांतच शके १०५१ चा उल्लेख आहे. श्रीगोंदेकर यांनीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ सालीं संपादिले. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हां याच राज्यांत होता. सोमेश्वर भिंत कशी घोटावी, म्हशीच्या कातड्यापासून वज्रलेप कसा करावा, येथपासून सारें सांगतो, आणि चित्राचे विद्ध, अविद्ध, भाव, रस, धूलि असे प्रकार करतो. आरशांतील प्रतिबिंबासारखें हुबेहूब तें विद्ध. पाहतांक्षणीं शृंगारादि भाव जागा होतो तें भावचित्र. म्हणजे चित्राचा एक प्रकारच पाहणाराच्या मनांत काय घडतें यावरून ठरविला आहे. चालुक्यकालीन भित्तिचित्रें आमच्याकडे उरलीं नाहींत. परंतु देगलूर तालुक्यांत होट्टल येथें सिद्धेश्वराच्या भिंतीवरील सुरसुंदरी ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस त्या काळची देहदृष्टि कशी होती याची कल्पना येईल. वस्त्र आहे, परंतु तें दगडावर ओढलेल्या एका रेघेपुरतें. अलंकार मात्र मोजून घ्यावेत इतके स्पष्ट.

३

आतां प्रत्यक्ष चित्रांकडे वळूं. अजिंठ्याचें नांव या वादांत दोन्ही पक्ष घेतात. तेथील ९ व १० या लेण्यांतील कांहीं चित्रें इसवी सनापूर्वींचीं असून १, २, १६ व १७ या लेण्यांतील चित्रें वाकाटक हरिषेणाच्या काळचीं, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मानलीं जातात. येथील राण्या, राजकन्या व अप्सरा कमरेच्या वर उघड्या आहेत असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण दिवा जवळ नेऊन पाहावें, म्हणजे दंडावर, कमरेवर, मांडीवर बारीक रेघा दिसूं लागतात. तें तलम वस्त्र आहे. चिताऱ्यानें तें रंगानें न भरतां कांठाच्या व पट्ट्यांच्या रेघांनीं सुचविलें आहे. अजिंठ्याचें काम ओल्या चुन्यावरचें नसून मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन कोरड्यावर केलेलें आहे. अशा कामांत अगदीं वरचा, शेवटचा थर सर्वांत आधीं झडतो, आणि वस्त्राच्या रेघा त्याच थरांत असतात. त्यांत १९ व्या शतकांतील नक्कलकारांनीं चढविलेल्या वार्निशाची भर पडली. तें पुढें पिवळें पडून चित्र आणखी झांकोळलें. निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्यानें १९२० नंतर इटलींतील तज्ज्ञ आणून तें पुष्कळ अंशीं साफ करविलें. तेव्हां आज जी नग्नता दिसते, तिच्यांतील कांहीं वाटा काळाचा व झडलेल्या रंगाचा आहे.

तथापि सारी नग्नता झडलेल्या रंगावर लोटणें हाही अप्रामाणिकपणा होईल. १७ व्या लेण्यांत आरशांत पाहून शृंगार करणारी राजकन्या आहे. तिच्या अंगावर दागिने आहेत, वस्त्र नांवापुरतें. आणि पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकांत राजापुढें नाचणारी नर्तकी मात्र लांब बाह्यांच्या, शिवलेल्या कंचुकींत आहे. कित्येक दासीही अशाच शिवलेल्या वस्त्रांत दिसतात. आपल्या आजच्या समजुतीप्रमाणें कुलवतीनें अंग झांकावें व नर्तकीनें उघडें टाकावें. अजिंठ्यांत राणी उघडी आणि नर्तकी झांकलेली. शिवलेलें वस्त्र तेथें चाकरीची किंवा परदेशीपणाची खूण असावी, आणि देहाची कांति ही कुलीनतेची. अर्थ बदलला तो वस्त्राचा. देह तोच राहिला.

विवस्त्रतेचा आणखी एक अर्थ वेरूळला भेटतो. ३० ते ३४ या जैन लेण्यांत तीर्थंकर व बाहुबली दिगंबर उभे आहेत. बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या आहेत. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत अर्हतांच्या देवाची मूर्ति दिग्वस्त्र, तरुण, रूपवान, आजानुबाहु व प्रशांत करावी असें सांगितलें, तेव्हां रूप व वैराग्य यांत त्यास विरोध दिसला नाहीं. दिशाच ज्याचें वस्त्र, त्यास नागवा म्हणण्याचें धैर्य कोणी करीत नाहीं. इंग्रज कलापंडित केनेथ क्लार्क यांनीं १९५६ सालच्या आपल्या ग्रंथांत इंग्रजींतील दोन शब्दांचा भेद केला: एक कपडे काढून घेतलेल्या ओशाळ्या देहाचा, दुसरा कलेनें पुनर्घटित केलेल्या निश्चिंत देहाचा. आपल्याकडे नग्न, विवस्त्र व दिगंबर असे तीन शब्द पूर्वींपासून आहेत. पहिल्यांत निंदा, दुसऱ्यांत नुसती स्थिति, तिसऱ्यांत पूजा. एकच देह कोणत्या शब्दानें ओळखावा हें स्थळ आणि पाहणारा ठरवितात.

४

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत तारीफ-इ-हुसेनशाही ही सचित्र फारसी पोथी आहे. आफताबी नांवाच्या कवीनें अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठीं ही मसनवी रचिली. जानेवारी १५६५ मध्यें विजयनगरच्या रामरायाचा राक्षसतागडीच्या रणांत नाश झाला, आणि त्याच वर्षीं हुसेनशहाही वारला. पोथीचा काळ त्याच्या आगेमागेचा. मूळच्या १४ चित्रांपैकीं १२ उरलीं आहेत. डॉ. ग. त्र्यं. कुलकर्णी व डॉ. म. श्री. माटे यांनीं १९८७ सालीं ती मंडळातर्फे प्रसिद्ध केली, म्हणून पुष्कळ वाचकांस ती परिचित असेल.

या पोथींत बेगम खुंझा हुमायून हिचें वर्णन कवीनें मोकळ्या मनानें केलें आहे, आणि चिताऱ्यानें तिला राजाशेजारीं सिंहासनावर बसविलें. आज मात्र त्या चित्रांत राजाशेजारीं बहुतेक ठिकाणीं एक पुसट डाग दिसतो. राणीची आकृति पुसून किंवा रंग फासून घालविली आहे. लक्षांत घ्यावें कीं ती विवस्त्र नव्हती. वस्त्रालंकारांनीं नटलेली पट्टराणी होती. पतीमागें अल्पवयी मुर्तजाच्या नांवानें तिनें कारभार केला. १५६९ सालीं तिला कैद झाली. तिची सत्ता गेल्यावर तिचें रूपही पोथींतून गेलें, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. कांहींच्या मतें अंतःपुरांतील स्त्री परक्यांच्या नजरेस पडूं नये हा हेतूही त्यामागें असावा. कारण कोणतेंही घ्या. पुसण्याचा हात उघड्या अंगावर पडला नाहीं, तो पाहिलें जाण्याच्या अधिकारावर पडला. त्याच पोथींत स्त्रीच्या स्पर्शानें वृक्ष मोहरतो या दोहदसंकेताचें चित्र मात्र शिल्लक आहे. ती स्त्री संकेतांतली, कोणाची बेगम नव्हे, म्हणून वांचली.

त्याच १५६५ सालीं रोम नगरांत काय चाललें होतें पाहा. मायकेल अँजेलोनें १५४१ सालीं सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर अंतिम न्यायाचें चित्र पुरें केलें, त्यांत संत व पापी सारखेच विवस्त्र होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर तें झांकावें असें ठरलें आणि चित्रकाराचाच स्नेही दानिएले दा व्होल्तेर्रा यानें १५६५ त त्या आकृतींस वस्त्रें चढविलीं. लोकांनीं त्यास 'चड्ड्या शिवणारा' असें नांव ठेवलें. १९९४ सालीं त्या भिंतीचें जीर्णोद्धाराचें काम संपलें, तेव्हां मागाहूनच्या हातांनीं चढविलेलीं अनेक आवरणें काढलीं, परंतु दानिएलेचीं ठेवलीं. कारण चार शतकांनंतर तींही इतिहासाचा भाग झालीं होतीं. हा निर्णय पुढें आपल्या कामीं येणार आहे.

५

आमच्या जिल्ह्यांतील माहूरगडावर अनसूयेचें शिखर आहे. त्या अनसूयेची कथा गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायांत आहे व मराठवाड्यांत घरोघर माहीत आहे. ब्रह्मा, विष्णु व महेश अतिथि होऊन आले आणि विवस्त्र होऊन वाढावें अशी अट घातली. अतिथि विन्मुख जाऊं नये आणि पातिव्रत्यही ढळूं नये, असा पेंच. तिच्या तपोबलानें तिघेही तान्हीं बालकें झालीं. ती अट मोडली नाहीं, तिनें देह झांकला नाहीं. बदलले ते पाहणारे.

या विषयावरचें इतकें नेमकें भाष्य मला कोणत्याही अलंकारग्रंथांत आढळलें नाहीं. आणि चितारी या कथेचें काय करतात तेंही पाहण्यासारखें आहे. माझ्या पाहण्यांत आलेल्या सर्व छापील चित्रांत अनसूया नऊवारी नेसलेली, मांडीवर किंवा पाळण्यांत तीन बालकें, असेंच दृश्य आहे. कथेनें जो प्रसंग धीटपणें मांडला तो चित्रानें टाळला. कारण चित्र पाहणारा बालक होत नाहीं, हें चिताऱ्यास पक्कें ठाऊक असतें.

भागवतांतील वस्त्रहरणाचीही हीच गोष्ट. तेथें व्रतस्थ असतां विवस्त्र स्नान करणें हा देवतेचा अपराध होतो असें श्रीकृष्ण स्वतःच बजावतो आणि शेवटीं वस्त्रें परत देतो. पुराणिक ही कथा जीवाचीं आवरणें गळून पडण्याचें रूपक म्हणून सांगत. श्रोता त्या अर्थानें तयार झाला म्हणजे मग पान दाखवीत. पोथीचें चित्र भिंतीवर टांगलेलें नसतें. तें उघडावें लागतें, आणि उघडणाराजवळ त्याचा अर्थ सांगणारा बसलेला असतो.

६

ही व्यवस्था मोडली ती छापखान्यानें. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला व पुढें कार्ल्याजवळील मळवलीस गेला. राजवाड्यांत लागणाऱ्या लक्ष्मी, सरस्वती, उर्वशी, रंभा आतां माजघरांत व दुकानांत लागल्या. देवीस वस्त्र पूर्ण, अप्सरेस थोडें पातळ, हा विवेक त्या चित्रांतही आहे. परंतु कोणतें चित्र कोणाच्या घरांत जाईल यावर आतां चिताऱ्याची सत्ता राहिली नाहीं. चित्रसूत्रानें घर, सभा व देवालय यांत घातलेल्या भिंती एका आण्याच्या कागदानें ओलांडल्या.

दुसरा बदल शिक्षणांत झाला. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली. तेथें दीर्घकाळ ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या नकला ठेवून देह शिकवीत. त्या विवस्त्र मूर्तींविषयीं कोणाची तक्रार नसे, कारण त्या पांढऱ्या, परक्या व निर्जीव होत्या. याच शाळेच्या विद्यार्थ्यांनीं ग्रिफिथ्स यांच्या हाताखालीं १८७२ ते १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमध्यें जळाल्या. पुढें ग्लॅडस्टन सॉलोमन हे प्रमुख झाल्यावर १९१९ च्या सुमारास जिवंत नमुन्यावरून विवस्त्र देह रेखाटण्याचा वर्ग रीतसर सुरू झाला. याच सॉलोमन साहेबांनीं १९२३ सालीं अजिंठ्याच्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलें. कै. रावबहादुर धुरंधर यांनीं त्या कलामंदिरांतील आपलीं एकेचाळीस वर्षें लिहून ठेवलीं आहेत. तीं वाचतांना एका पिढीची नजर कशी घडली हें समजतें. आमच्याच जुन्या हैदराबाद संस्थानांत, बोलारम येथें जन्मलेले आरा हे पुढें १९४७ च्या प्रगतिशील चित्रकारांच्या मंडळांत होते आणि विवस्त्र स्त्रीदेह हा त्यांच्या कामाचा मोठा भाग झाला.

तिसरा बदल कायद्याचा. १८६० च्या दंडसंहितेच्या २९२ व्या कलमानें अश्लील वस्तु विकणें व दाखविणें गुन्हा ठरविलें. परंतु देवळांतील व रथांवरील शिल्पें आणि धर्मकार्यासाठीं ठेवलेलीं चित्रें यांस त्या कलमांतून सूट मिळाली. २०२३ च्या न्याय संहितेच्या २९४ व्या कलमांत ती सूट कायम आहे. इंग्रज कायदेपंडितांस चित्रसूत्र ठाऊक नव्हतें; तरी स्थळभेदाचें तत्त्व त्यांसही मानावें लागलें. या कलमाची कसोटी मुंबईंत १९५४ सालीं लागली. जहांगीर कलादालनांत अकबर पदमसी यांचीं युगुलांचीं दोन चित्रें पोलिसांनीं आक्षेपार्ह ठरविलीं. चित्रकारानें तीं उतरविण्यास नकार दिला, खटला झाला, ते निर्दोष सुटले व सरकारचें अपीलही उच्च न्यायालयांत फेटाळलें गेलें. सत्तर वर्षांनीं हाच प्रश्न परत आला. परदेशांतून आणलेल्या पदमसी व गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या सात कलाकृति जकात खात्यानें अश्लील ठरवून जप्त केल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो आदेश रद्द केला. विवस्त्रता दिसली म्हणजे अश्लीलता सिद्ध झाली असें होत नाहीं, हा त्या निर्णयाचा आशय आहे.

७

आतां त्या पानाकडे परत येतों. परंतु त्याआधीं एक कबुली दिली पाहिजे.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां ग्रंथालयाचें काम मजकडे होतें. अजिंठ्याच्या चित्रांचा एक मोठा संग्रह कोणीं सद्गृहस्थानें शाळेस भेट दिला. वरच्या वर्गांतील मुलें त्यांतील कांहीं पानें पाहून कुजबुजतात असें कानीं आलें. मीं कोणास न विचारतां खळ करून तीन पानांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या. कुमारसंभव शिकविणाऱ्या माणसानें हें केलें! सेवानिवृत्त होण्याच्या वर्षीं तो ग्रंथ पुन्हां हातीं आला, लाज वाटली, आणि ओल्या कापसानें पट्ट्या सोडवूं लागलों. पट्टीबरोबर छापील रंगही निघून आला. आज त्या राजकन्येच्या अंगावर एक पांढरा चट्टा आहे, आणि पान उघडणाराची नजर सर्वांत आधीं तेथेंच जाते. दोन वेळां मीं त्या चित्राचें नुकसान केलें: एकदां झांकतांना, एकदां उघडतांना.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति आहे. असें फासलेलें किंवा पुसलेलें पान हातीं आलें तर तें काढूं नये, आणि साफही करूं नये. मूळ चित्र हा एक पुरावा आहे, त्यावरील फराटा हा दुसरा. पहिला एका काळाची श्रद्धा सांगतो, दुसरा दुसऱ्या काळाचें भय. तारीफ-इ-हुसेनशाहींतील डाग कोणीं धुवून टाकले असते तर राणीचें पतन चित्रांतून वाचतां आलें नसतें. पानाचें छायाचित्र दोन्ही बाजूंनीं घ्यावें, शाईचा भेद टिपून ठेवावा, मागें उतरणारी लोहाची शाई शेजारच्या पानास लागूं नये म्हणून मध्यें स्वच्छ आम्लरहित कागद घालावा, आणि पान त्याच्या मूळ क्रमांत ठेवावें. त्याहून अधिक कांहीं करावयाचें तें जाणकार जीर्णोद्धारकानें करावें, शाळामास्तरानें नव्हे.

महिना संपल्यावर मी पुन्हां त्या गांवीं गेलों आणि हें सारें त्या तरुणास सांगितलें. अनसूयेची कथा त्यास आजीकडून ठाऊक होती. तिचा हा अर्थ मात्र त्यानें प्रथमच ऐकला. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग आंत जाऊन त्यानें पोथीचें फडकें आणलें, बाविसाव्या अध्यायाचें पान एकविसाव्या व तेविसाव्याच्या मध्यें घातलें, आणि विचारलें, "फराटे मारले ते आजोबांनींच असतील काय हो?"

असतीलही, असें मीं म्हटलें. त्यानें दोरी बांधली आणि पोथी माझ्या हातीं दिली.